दुसऱ्या टाकीचं सील

डिझेल आपल्या पायांनी कुठे जात नाही, असं मापसाहेबांचं म्हणणं होतं आणि त्यावर ते ठाम होते. पेट्रोल एक वेळ उडून जाईल, दूध उतू जाईल, पाहुणेसुद्धा कधीतरी जातात. पण डिझेल हा जड, संथ आणि सज्जन पदार्थ आहे. ओतावं तिथे तो बसून राहतो. तो जागेवर नसेल, तर त्याला कोणीतरी नेलेलं असतं. एवढी साधी गोष्ट इमारतीतल्या एकाही माणसाला पटू नये, याचाच त्यांना जास्त संताप येत होता.

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं, आणि त्यात थोडी चेष्टा आहे हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. सगळी नोकरी दुकानांचे तराजू, दूधवाल्यांची मापं आणि पेट्रोल पंपांची यंत्रं तपासण्यात गेली. बरोबर निघेल त्याला तार ओवून शिशाची गोळी दाबायची, म्हणजे सील लावायचं. चूक निघेल त्याच्या मालकाला घाम फोडायचा. सील दाबायचा तो लोखंडी चिमटा निवृत्तीनंतरही घरीच राहिला होता. एकदा साखरेच्या डब्याला सील लावून त्यांनी डॉक्टरांचं पथ्य पाळून पाहिलं. त्यांच्या बायकोने दुसरा डबा घेतला.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, पेटी शिकतात. मापसाहेबांनी सरकारी लिलावातून एक डिझेल जीप घेतली. चारही चाकांनी ओढणारी, दगडधोंडे, ओढेनाले कशालाही न जुमानणारी. ती घेऊन ते भाजी आणायला जात. या गाडीला दोन टाक्या होत्या. स्टिअरिंगच्या बाजूला एक बटण. ते एका बाजूला दाबलं की गाडी पहिल्या टाकीतलं डिझेल पिणार, दुसऱ्या बाजूला दाबलं की दुसऱ्या टाकीतलं. काटा मात्र एकच. जी टाकी चालू, तिचाच हिशेब दाखवणारा.

गाडी आली त्याच दिवशी मापसाहेबांनी दुसरी टाकी काठोकाठ भरली आणि बटणाला तार ओवून सील लावून टाकलं. दुसरी टाकी अडीनडीसाठी. जावई आला, चुकून बटण दाबलं, असं होता कामा नये. वर्षं गेली. अडही आली नाही आणि नडही आली नाही. बायको त्या टाकीला 'ठेवणीतली टाकी' म्हणायची. तिच्या स्वतःच्या कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेला कपबशांचा एक संच होता, ज्यातून आजवर एकाही पाहुण्याला चहा मिळाला नव्हता. पण तो विषय वेगळा, असं तिचं मत होतं.

आणि मग एकदाची अडीनडीची वेळ आली, ती समोरच्या गार्डसाहेबांमुळे.

गार्डसाहेब मालगाडीचे निवृत्त गार्ड. रोज संध्याकाळी ते मापसाहेबांच्या गॅलरीत चहाला येत. एक जण लबाड दुकानदारांवर तोंडसुख घ्यायचा, दुसरा उशिरा सुटणाऱ्या गाड्यांवर; दोघांचंही दुसऱ्याकडे लक्ष नसायचं आणि त्यामुळे मैत्री पक्की होती. मापसाहेब बाहेरगावी गेले की जीप अधूनमधून चालू करून ठेवायचं काम गार्डसाहेबांचं. गाडीची दुसरी किल्ली त्यांच्याच घरी खुंटीला असायची.

त्या संध्याकाळी गार्डसाहेब नेहमीसारखे बोलत नव्हते. शेवटी कपाकडे बघत म्हणाले, "माझी पहिली नेमणूक होती ना, त्या फाट्यावरच्या स्टेशनात... ती लाइन बंद झाली केव्हाच. सिग्नलची केबिन तेवढी उभी होती. येत्या सोमवारी तीही पाडतायत म्हणे."

"मग?"

"मग काय. एकदा बघून घ्यावी वाटलं. पण बस नाही तिकडे. रस्ता कच्चा, वाटेत पंप नाही."

मापसाहेब खुर्चीतून उठलेच. "कच्चा? नसेना का पक्का! पंप नाही? नको! रविवारी निघायचं. बायकांसकट, चौघांनी. आपल्याकडे दुसरी टाकी आहे!"

गार्डसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी चहाच्या वाफेवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मापसाहेबांनी स्वतःच्या हाताने बटणाचं सील कापलं. गाडी आधी चालवून बघायला हवी, म्हणून आठवडाभर दुसऱ्या टाकीवरच फिरायचं ठरलं. बटण दाबलं, सीटखालून 'खट्' असा आवाज आला आणि काटा सरसर वर जाऊन थेट 'पूर्ण'वर उभा राहिला. मापसाहेबांना भरून आलं. पहिली टाकी अर्धी होती. आता तिच्याकडे बघायचं कारणच नव्हतं.

त्या दिवशी ते पोस्टात गेले, बँकेत गेले, काम नसताना बाजाराला एक वळसाही घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर पाव टाकी गायब.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काटा सकाळीच बघायचा, हा मापसाहेबांचा नियम. उन्हाने डिझेल फुगतं, इंजिनाच्या उष्णतेने फुगतं. फुगलेल्या डिझेलचं माप घेणं ही खात्याच्या दृष्टीने शुद्ध फसवणूक. म्हणून संध्याकाळी गाडी उभी करताना काटा दिसू नये यासाठी ते त्यावर हात ठेवत आणि सकाळी इंजिन थंड असतानाच तो बघत. आयुष्यभर पाळलेला नियम. सगळा घोटाळा या नियमाने केला, पण ते नंतर.

पहिला संशय पंपावर गेला. त्यांनी टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरून घेतली, दिवसभर जरा फिरले, सकाळी पाहिलं, तर पुन्हा तेच. झालं! मापसाहेब पितळी माप घेऊन पंपावर दाखल झाले. पंपमालक त्यांना ओळखून होता. कधीकाळी याच मापसाहेबांनी त्याचं एक यंत्र भर गर्दीत बंद करून ठेवलं होतं. आता त्याने हसतमुखाने स्वतः नळी धरली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. मापसाहेब गुडघ्यावर बसून मापाच्या गळ्याशी डोळा लावून बघत होते. डिझेल रेषेवर येऊन थांबलं. ना थेंब कमी, ना थेंब जास्त.

"बरोबर असणारच, साहेब," पंपमालक म्हणाला. "सील तुमच्याच खात्याचं आहे."

एखादा दुसरा असता तर घरी गेला असता. मापसाहेब खात्यात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचाच जुना हाताखालचा माणूस बसला होता. त्याने आदराने उठून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. बऱ्याच वेळाने आत बोलावलं.

"सर, तक्रार नेमकी काय? पंपाचं माप बरोबर निघालं, ही?"

"बरोबर निघालं, तेच संशयास्पद आहे!"

"बघतो, सर." मग तो जरा घुटमळून म्हणाला, "तेवढा सीलचा चिमटा मात्र जमा करायला हवा होता तुम्ही. कुणी काही बोललेलं नाही, पण..."

मापसाहेबांना अचानक घरी काम आठवलं.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती आणि सल्ले द्यायला कोणाला पैसे पडत नाहीत. तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, गाडी विकून टाका. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, उंदीर असतील. "डिझेल पितात?" असं मापसाहेबांनी विचारल्यावर ते म्हणाले, हल्लीचे उंदीर काहीही करतात. कोपऱ्यावरच्या फिटरचा आवाज रेडिओपेक्षा मोठा होता. तो गाडीखाली गेला, आतूनच आरडाओरडा करून बाहेर आला आणि म्हणाला, "कुठंही गळत नाही! गाडीचं वय झालं, साहेब! पिते!" एवढं बोलून त्याने न मागता फिल्टर बदलला.

गळत नाही, पंप चोर नाही, उंदीर पीत नाहीत. राहिलं काय? मापसाहेबांनी चिमटा काढला आणि दुसऱ्या टाकीच्या झाकणालाच सील लावलं. दिवसभर बायकोला तिच्या बहिणीकडे सोडण्या-आणण्यात गाडी फिरली. सकाळी सील जसंच्या तसं होतं, गोळीवरचा ठसाही शाबूत. आणि काटा पुन्हा खाली!

मापसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डिझेल गेलं याचं एवढं नाही. पण त्यांचं सील उघडून, डिझेल काढून, पुन्हा जसंच्या तसं लावून ठेवायचं? हा डिझेलवरचा दरोडा नव्हता, हा सबंध नोकरीच्या तोंडावर मारलेला फटका होता. आणि मग त्यांच्या मनात एक विचार आला. तो येताच ते खाली बसले.

शिशाचं सील उघडून पुन्हा लावता येईल असा माणूस या इमारतीत एकच होता. मालगाडीच्या डब्यांना सीलंच असतात.

संध्याकाळी गार्डसाहेब खुशीत आले. रविवारसाठी त्यांनी आपला जुना हिरवा बावटा ट्रंकेतून काढून इस्त्री करून घेतला होता. मापसाहेबांनी चहाला हातही लावला नाही.

"काय हो, शिशाचं सील न तोडता उघडून परत लावता येतं का?"

"येतं की!" गार्डसाहेबांना कधी नव्हे तो त्यांच्या विषयावर प्रश्न आला होता. "तार नाही कापायची. गोळी जराशी कोमट करायची, हलक्या हाताने तार सोडवायची. एका चोराला पकडलं होतं आम्ही, त्यानेच दाखवलं. थांबा, माझा चिमटा आणतो, करूनच दाखवतो."

त्यांनी खरंच आणला. आणि करूनही दाखवलं. मोठ्या हौसेने.

"म्हणजे तुम्हाला येतं," मापसाहेब म्हणाले.

"येतं म्हणजे काय, बघितलंत ना!"

"आणि गाडीची किल्लीही तुमच्याकडे असते."

गार्डसाहेब अजून हसतच होते. मग ते हसू हळूहळू उतरत गेलं. आतून कपबशा विसळण्याचा आवाज येत होता तोही थांबला. गार्डसाहेब उठले, समोर आपल्या घरी गेले आणि खुंटीवरची किल्ली आणून त्यांनी कपाशेजारी ठेवली.

"चाळीस-चाळीस डब्यांच्या गाड्या नेल्या मी," ते म्हणाले. "एकाही डब्यातली काडी इकडची तिकडे झाली नाही. आणि आज तुम्ही... डिझेल?" ते दाराकडे वळले. "रविवारचं राहू द्या."

दार लागलं. बायको बाहेर आली, गार डोळ्यांनी नवऱ्याकडे बघत राहिली.

"झालं समाधान?"

"पुरावा समोर आहे!"

"डिझेल गेलं तर पुन्हा भरता येतं हो," ती म्हणाली आणि त्यांच्या पुढ्यातला चहा उचलून घेऊन गेली.

शनिवारी मापसाहेब एकटेच गाडी घेऊन निघाले. कुठे जायचं नव्हतं. गॅलरीतली रिकामी खुर्ची डोळ्यांसमोर नको एवढंच. आपण बरोबर आहोत याची खात्री असलेला माणूस इतका दुःखी का असावा, हे त्यांना कळत नव्हतं, आणि न कळल्यामुळे ते आणखी चिडले होते. चौकात स्कूटरवरच्या एका बाईंनी काचेवर टकटक केलं.

"काका, टाकी वाहतेय!"

"कुठली?"

"ही काय, या बाजूची!"

"ती वाहू शकत नाही," मापसाहेब म्हणाले. "मी त्या टाकीवर नाहीच आहे."

"अहो, डिझेल सांडतंय रस्त्यावर!"

"बाई, ती टाकी अर्धी आहे! मी या आठवड्यात तिच्यात एक थेंब घातलेला नाही!"

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागच्यांनी आपली मतं सांगायला सुरुवात केली. शेवटी मापसाहेब तणतणत खाली उतरले आणि त्यांनी पहिल्या टाकीचं झाकण उघडलं. डिझेल काठोकाठ होतं. झाकण काढताच त्याचा एक ओघळ त्यांच्या बुटावर आला.

त्यांच्या मनात पहिला विचार आला, तो असा: गार्डसाहेबांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी परत आणून ओतलं. या विचाराने त्यांना क्षणभर बरंही वाटलं. पण आयुष्यभर मापं तपासलेला माणूस. हात थांबतात कुठे? घरी येऊन पडद्याचा दांडा काढून त्यांनी तो दोन्ही टाक्यांत बुडवून पाहिला, खुणा केल्या, हिशेब केला. जाळलं ते वजा जाता दुसऱ्या टाकीत जेवढं कमी, पहिल्या टाकीत तेवढंच जास्त. माप तंतोतंत जुळत होतं. नोकरीत कधी इतकं सुंदर जुळलं नव्हतं. मापसाहेबांना घाम फुटला.

"मी तेव्हाच म्हणालो होतो!" गाडी दुकानात नेल्यावर तिच्याखाली डोकावून फिटर ओरडला. तो असं काहीही म्हणाला नव्हता. "अहो, इंजिन ओढतं तेवढं सगळं जाळतं का? उरलेलं दुसऱ्या पाइपाने टाकीत परत पाठवतं! तुमच्या सीटखाली व्हॉल्व्ह आहे, त्याला दोन दारं. एक जाण्याचं, एक येण्याचं. बटण दाबलं की दोन्ही फिरायला पाहिजेत. जाण्याचं फिरलं, येण्याचं पहिल्या टाकीवरच अडकलं! दुसरीतून ओढतंय आणि पहिलीत ओततंय! गाडी चालली की चालू, गाडी थांबली की बंद!"

"म्हणजे रात्री काही होत नव्हतं?"

"रात्री काय व्हायचंय? संध्याकाळी काटा बघितला नाही का तुम्ही?"

मापसाहेब वाकून बुटावरचं डिझेल पुसू लागले.

"वर्षानुवर्षं हललंच नाही ना, म्हणून अडकलं. बटणाला सील होतं का काय? या तारेच्या खुणा दिसतायत. कुणी केला हा शहाणपणा?"

"खात्याने," मापसाहेब म्हणाले.

फिटरने तेल सोडून, ठोकून, शिव्या घालून व्हॉल्व्ह फिरता केला. पण नवा बसवेपर्यंत भरवसा नाही, असंही सांगितलं. पुन्हा अडकला तर एकाने बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने खालून पान्याने हलके ठोके द्यायचे. दोन्ही दारं त्याने आता एकमेकांना जखडली होती; 'खट्' झालं आणि काटा हलला की दोन्ही फिरली म्हणून समजायचं.

संध्याकाळी मापसाहेब समोरच्या दारात उभे राहिले. दार गार्डसाहेबांच्या बायकोने उघडलं. मापसाहेबांनी तिला परतीचा पाइप सांगितला, व्हॉल्व्हची दोन दारं सांगितली, डिझेल उष्णतेने किती फुगतं तेही सांगितलं. ती बिचारी मान डोलवत राहिली. सगळं सांगून झालं. एक शब्द तेवढा राहिला. तो घशात असा अडकला होता की तिथे फिटरचाही इलाज चालला नसता.

आतून आवाज आला, "त्यांना विचार, सकाळी गाडी किती वाजता सुटते?"

"सहाला," मापसाहेब घाईने म्हणाले.

"त्यांना सांग, मी माझ्या केबिनसाठी येतोय."

रविवारी गाडी दोन्ही टाक्या भरून सहाला सुटली. पुढे दोघे पुरुष, मागे दोघी बायका. मागे गप्पांना खळ नव्हता आणि पुढे दोन पुतळे बसले होते. गार्डसाहेबांच्या मांडीवर बावटा, नजर खिडकीबाहेर. डांबरी रस्ता संपला, कच्चा लागला. घरं विरळ होत गेली आणि मग नुसता माळ उरला. पहिल्या टाकीचा काटा तळाला आला तशी मापसाहेबांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली, किल्ली अर्धी फिरवली आणि बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. मागच्या गप्पाही बंद पडल्या. पुढे जायला डिझेल नाही, मागे फिरायलाही नाही, आणि केबिन उद्या पडणार.

मापसाहेबांनी पाना काढला आणि ते दार उघडायला लागले. पण गुडघे आणि गाडीखालची जागा यांचं त्यांचं त्यांनाच माप कळलं. गार्डसाहेबांनी न बोलता त्यांच्या हातातून पाना घेतला, बावटा बायकोकडे दिला आणि आडवे होऊन ते गाडीखाली शिरले.

"दाबा!"

मापसाहेबांनी बटण दाबून धरलं. खालून ठक्. काही नाही. ठक् ठक्. काही नाही. मग ठोके थांबले.

"काय झालं?" मापसाहेबांनी खिडकीतून वाकून विचारलं.

"गार्डने परवानगी दिल्याशिवाय गाडी सुटत नाही," खालून आवाज आला. "आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"राहिलंय ते."

"अहो, काल वहिनींना सगळं सांगितलं मी, परतीचा पाइप..."

"पाइप नको. पुढचं."

मापसाहेबांचे कान तापले. त्यांनी रागाने समोर पाहिलं. भर माळावर, बायकांच्या देखत, निवृत्त निरीक्षकाची ही अडवणूक! आणि तेवढ्यात खालून एक हलकासा ठोका पडला, बहुतेक पाना जमिनीवर ठेवताना लागला असावा. सीटखाली बारीकसं 'खट्' झालं. काटा थरथरला आणि सरसर चढत 'पूर्ण'वर जाऊन उभा राहिला.

व्हॉल्व्ह फिरला होता. आता काही म्हणायची गरज उरली नव्हती. 'बाहेर या, झालं काम' एवढं म्हटलं की भागत होतं, आणि निरीक्षकाची लाज राहत होती. मापसाहेब काट्याकडे बघत राहिले. बरोबर मापाचं सील लावत आयुष्य काढलं, आणि एका माणसाला मात्र कमी मापलं. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"चुकलं," ते म्हणाले.

"इंजिनाकडचं गार्डला नीट ऐकू येत नाही!"

"चुकलं माझं! साफ चुकलं!" मापसाहेब एवढ्या मोठ्याने ओरडले, की दूरवर चरणाऱ्या एका म्हशीने मान वर केली.

खालून उगाच आणखी एक जोरदार ठक् झालं. गार्डसाहेब धुळीने माखून बाहेर आले, कपडे झटकत शेजारी बसले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"एका ठोक्यात फिरला," ते म्हणाले. "सोडा गाडी."

मापसाहेबांनी खिशातून दुसरी किल्ली काढली आणि समोर बघतच शेजारी धरली. ती कोणीतरी घेतली. केबिन दिसेपर्यंत मग गार्डसाहेब सलग बोलत होते, उशिरा सुटणाऱ्या गाड्यांबद्दल, आणि मापसाहेबांनी आयुष्यात प्रथमच ते सगळं ऐकलं.

केबिनशी पोहोचल्यावर गार्डसाहेब बावटा घेऊन जिना चढू लागले. मापसाहेबांची बायको नवऱ्याच्या जवळ सरकली.

"अहो, काटा आधीच वर गेला होता. तुम्ही ओरडायच्या आधी. मी मागून बघितला."

"मला नाही दिसला," मापसाहेब फणकारले. "चष्मा कुठाय माझ्या डोळ्यांवर?"

बायकोने हात पुढे करून त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा नीट बसवला. वरून हिरवा बावटा हलत होता.

"उद्या संध्याकाळी," ती म्हणाली, "चहा मी त्या ठेवणीतल्या कपांतून देणार आहे."